वकील हक्काचा आहे, तर गुन्हा कबूल कशाला करायचा?

फारेस्टच्या केसमध्ये आपला माणूस कोर्टात उभा राहतो तेव्हा काय होतं, हे वाड्यापाड्यांवर सगळ्यांना ठाऊक आहे. पुकारा होतो. आत गेलं की कुणीतरी कागद वाचतं, त्यातलं आपलं नाव तेवढं कळतं. साहेब विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" बाहेर व्हरांड्यात कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं, की हो म्हण, दंड भर आणि मोकळा हो. माणूस हो म्हणतो, आंगठा देतो, दंड भरतो आणि दुपारच्या एस.टी.ने घरी येऊन सांगतो, सुटलो.

आमचं म्हणणं असं आहे की तो सुटलेला नसतो.

कबूल करण्यामागचा हिशेब आम्हाला कळत नाही असं नाही. सिद्धगडच्या बाजूच्या वाडीवरून तालुक्याला जायचं म्हणजे पहाटे निघायचं, नारिवलीपर्यंत पायपीट, मग गाडीची वाट बघत बसायचं. दिवसाची मजुरी बुडते. चहापाणी, झेरॉक्स आलंच. तिथं गेल्यावर कळतं की साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख घ्या. अशा आठ-दहा तारखा झाल्या आणि एखादी चुकली की वॉरंट. त्यापेक्षा एकदाच दंड भरलेला परवडला, असं कुणालाही वाटेल. पैशाचा हिशेब बरोबरच आहे. जमिनीचा हिशेब मात्र त्यात धरलेला नसतो.

तो असा. 2006 च्या वनहक्क कायद्याने सांगितलं आहे, की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जी वनजमीन आदिवासी कसत आला, तिच्यावर त्याचा हक्क आहे. आता समजा, वीस वर्षं नाचणी-वरी काढलेल्या प्लॉटवर 2007 साली गार्डने केस केली आणि कागदात लिहिलं, "आरोपीने नवीन अतिक्रमण केले." कोर्टात त्याच कागदावर आपला माणूस कबूल म्हणाला. पुढे दाव्याची फाईल प्रांताच्या समितीपुढे गेली की फारेस्टवाले तोच निकाल पुढे करतात. बघा, यानेच कबूल केलंय, जमीन 2007 ला नवीन फोडली. थोडक्या रुपयांच्या दंडात सगळी जमीन जायची वेळ येते. या उलट जुन्या दंडाच्या पावत्या, 1985 च्या, 1992 च्या, ज्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या, त्यांना त्याच पावत्या आज कामाला येताहेत. कारण तेव्हाही हा माणूस त्याच जागेवर होता हे वनखात्याने स्वतःच्या सहीनिशी लिहून दिलंय. म्हणजे कागद तोच फारेस्टचा, पण त्यात काय लिहिलंय आणि आपण कशाला हो म्हणालो यावर सगळं अवलंबून. हे त्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या माणसाला सांगायला कुणीतरी हवं. ते काम वकिलाचं. आणि तो वकील आदिवासीला सरकारच्या खर्चाने मिळतो.

हे नवीन नाही. 1976 साली घटनेत कलम 39-अ घातलं गेलं, की गरिबीमुळे कुणाला न्याय नाकारला जाऊ नये आणि त्यासाठी मोफत कायदेशीर मदत द्यावी. त्यावरून 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो लागू व्हायला 9 नोव्हेंबर 1995 उजाडला.  तेव्हापासून आमच्या भागातल्या किती वाड्यांना हे कळलं, ते प्रत्येकाने आपल्या वाडीत विचारून बघावं.

कायद्याचं कलम 12 नीट समजून घ्या, कारण इथेच आपल्याला परत पाठवलं जातं. अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. दारिद्र्यरेषेचं कार्ड आहे का, एकर किती, घरात नोकरीला कोण, हे विचारायचं कारण नाही. तसंच बाई असेल तर ती कुठल्याही जातीची असो. लहान मूल असेल, अपंग असेल, पोलिसांच्या कोठडीत किंवा जेलमध्ये असेल, वेठबिगारीत अडकलेला असेल, त्या सगळ्यांना आहे. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा लावतात. केसमध्ये काही दम आहे का एवढं समितीने बघायचं असतं. आणि मदत म्हणजे नुसता वकील नव्हे. कोर्टाची फी, समन्स काढायचा खर्च, अर्ज लिहिणं, टाइप करणं, निकालाच्या नकला, हे सगळं त्यात येतं.

ही समिती कुठे असते? तालुक्याच्या कोर्टातच असते. तिचं नाव तालुका विधी सेवा समिती, आणि तिथले सगळ्यात वरिष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. जिल्ह्याला ठाण्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. हायकोर्टाची वेगळी समिती मुंबईत आहे. साध्या कागदावर अर्ज चालतो. सही येत नसेल तर आंगठा चालतो. जेलमध्ये असलेला माणूस जेलरमार्फत अर्ज देऊ शकतो.

एक घोटाळा नेहमी होतो म्हणून सांगतो. "सरकारी वकील" आणि हा वकील एक नव्हे. सरकारी वकील हा सरकारच्या बाजूने, म्हणजे फारेस्टच्या केसमध्ये आपल्या विरुद्ध बोलतो. आपली माणसं "मला सरकारी वकील द्या" म्हणतात आणि समोरचे हसतात. "मला विधी सेवेचा मोफत वकील द्या" असं म्हणायचं. पोरांकडून चार वेळा पाठ करून घ्या.

कुणी म्हणेल, मागितला नाही म्हणून दिला नाही, त्यात कोर्टाचा काय दोष? सुप्रीम कोर्टाने हे म्हणणं 1986 सालीच मोडून काढलंय. अरुणाचल प्रदेशातल्या सुकदास नावाच्या माणसाची केस होती. डोंगराळ भागातला गरीब आरोपी, त्याला वकील नव्हता, त्याने मागितलाही नव्हता. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली. सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. जिथे तुरुंगवास होऊ शकतो अशा केसमध्ये, तुला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, हे आरोपीला सांगणं कोर्टाचं काम आहे. ज्याला हक्क आहे हेच माहीत नाही तो मागणार कसा, इतका साधा विचार त्यामागे आहे. आम्हाला वाटतं, फारेस्टच्या केसमध्ये "कबूल आहे का" या प्रश्नाच्या आधी "वकील हवा का" हा प्रश्न आलाच पाहिजे. तो आला नाही तर आपणच मधे बोलायचं. हात जोडून बोला, पण बोला.

आता जे सगळ्यात जास्त ऐकू येतं त्याच्याकडे वळू. "फुकटचा वकील काय कामाचा? तो तारखेलाच येत नाही." ही तक्रार खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. समितीच्या यादीवरच्या वकिलाला एका केसचे जे पैसे मिळतात ते फार थोडे, आणि तेही उशिरा. त्यामुळे काहीजण ती केस ओझं समजतात. काही नवीन पोरं असतात, त्यांनी वनहक्क कायदा उघडूनही पाहिलेला नसतो. काहीजण बाजूला घेऊन "वरखर्चाचं बघा" म्हणतात. पण यादीवर मनापासून लढणारे वकीलही आहेत. आणि पैसे देऊन केलेला खाजगी वकील तारखेला येतोच, असा अनुभव आहे का आपला? गाय विकून फी भरली आणि वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात, असं आपल्याच वाड्यांत झालेलं आहे. तेव्हा फुकट म्हणून वाईट हा नियम नाही. ज्याच्या मागे विचारणारं कुणी नाही त्याची केस वाईट चालते, हा नियम आहे. विधी सेवेच्या वकिलाला आपल्याकडून पैसे घ्यायला बंदी आहे. मागितले तर समितीकडे लेखी तक्रार करता येते आणि वकील बदलून मागता येतो. तक्रार एकट्याने करायला भीती वाटते हे खरं, म्हणून ती गावाच्या सह्यांनी करायची.

वकिलाला कामाला लावायचा उपाय आपल्याकडेच आहे. त्याच्या हातात तयार कागद द्या. तो कितीही हुशार असला तरी सिद्धगडच्या डोंगरात कुठल्या ओहोळाच्या वर कुणाचं शेत आहे हे त्याला माहीत असणार नाही. बांध कुणी घातला, आंब्याचं झाड किती वर्षांचं, आजा कुठे पुरला, हे आपल्याला माहीत. वनहक्काच्या नियमात पुरावा म्हणून काय चालतं ते पाहिलंत तर यातलं बरंच आहे. घर, झोपडी, बांध, सपाट केलेली जमीन चालते. रेशनकार्ड, मतदारयादी, घरपट्टीची पावती चालते. दावेदार सोडून गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो. कोर्टाचे जुने निकालही चालतात. आणि दाव्याची चौकशी पूर्ण होईपर्यंत कुणाला जमिनीवरून काढता येत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम 4(5) मध्ये लिहिलंय. अभयारण्य आहे म्हणून हा कायदा लागू नाही, असं सिद्धगडच्या लोकांना सांगितलं जातं. भीमाशंकर अभयारण्य 1985 चं, आणि वनहक्क कायद्यात वनजमीन म्हणजे अभयारण्यातलीसुद्धा, असं स्पष्ट आहे. हे पान वकिलापुढे उघडून धरायला लाजू नका.

जामिनाचं दुखणं वेगळं आहे. माणूस अटक झाला, जामीन मंजूर झाला, आणि मग कोर्ट म्हणतं, जामीनदार आणा, त्याचा सातबारा आणा. आमच्याकडे सातबारा असता तर ही केस झाली असती का? कसणारा आदिवासी, सातबारा वनखात्याचा. अख्ख्या पाड्यात जामीनदार व्हायला लायक एक माणूस मिळत नाही. मग कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीन राहणारे असतात त्यांच्याकडे जायचं, नाहीतर शेठकडे. शेठ जामीन राहतो आणि पुढची दोन वर्षं भट्टीवर राबवून वसूल करतो. जमिनीचा हक्क आणि जामिनाचा हक्क हे एकच भांडण आहे, ते असं.

यावर कायद्यात वाट आहे. 1978 साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याची केस सुप्रीम कोर्टात गेली. जामीन मिळाला होता, पण खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ जामीन राहायला आला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. गरिबाकडून भारी जामीन मागणं म्हणजे जामीन नाकारणंच, हा त्या निकालाचा अर्थ. पुढे 2005 च्या दुरुस्तीने तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 436 मध्ये आलं, की जामीनपात्र गुन्ह्यात अटक झाल्यापासून आठवड्यात माणूस जामीनदार देऊ शकला नाही, तर तो गरीब आहे असं धरायला तेवढं पुरे, आणि त्याला स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडावं. जो गुन्हा जामीनपात्र नाही त्याला हे लागत नाही, तिथे वकिलानेच झगडायला हवं. पण साध्या केसमध्ये आपला माणूस महिनाभर कल्याणच्या आधारवाडीत बसून असेल, तर आठवडा कधीच उलटलाय हे वकिलाला आठवण करून द्या.

हे लिहिताना डिसेंबर चालू आहे आणि आमच्या कातकरवाड्या निम्म्या ओस आहेत. दिवाळीनंतर बिऱ्हाडं भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर गेली, ती पावसाच्या तोंडावर येतील. पावसाळ्यात घेतलेली उचल, आठवड्याची खर्ची, आणि हिशेब शेठच्या वहीत. वही शेठची, लिहिणारा शेठचा, वाचणारा कुणी नाही. हंगाम संपताना उचल फिटलेली नसतेच. निघून यावं म्हटलं तर चोरीची केस टाकतो म्हणून धमकी, पोराला ठेवून जा म्हणून अडवणूक.

1976 च्या वेठबिगार मुक्ती कायद्याने असं कर्जच बाद ठरवलंय. आणि 1982 साली, दिल्लीच्या एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या केसमध्ये, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं हीसुद्धा वेठबिगारीच. म्हणजे भट्टीवरचा मजूर कलम 12 मध्ये सरळ बसतो. इथे एक गोष्ट कामाची आहे. अर्ज करायला गेलं की पहिला प्रश्न येतो, जातीचा दाखला आहे का? कातकऱ्यांत किती जणांकडे तो आहे? जन्माची नोंद नाही, शाळेचा दाखला नाही, घर ज्या जागेवर आहे ती दुसऱ्याची. दाखला काढायची खटपट चालूच ठेवायची. पण तोवर केस थांबवायची नाही. जमातीचं दार बंद केलं तर वेठबिगारीच्या दाराने जा. अर्जदार बाई असेल तर बाई म्हणून जा, तिला जातीचा दाखला कशाला? माणूस कोठडीत असेल तर कोठडीतला म्हणून अर्ज करा. एकाच कलमात इतकी दारं आहेत. कारकुनाने एक लावलं की आपण परत फिरतो, ते फिरायचं नाही. आणि आपलं गाव मुरबाडात असलं, शहापुरात असलं, तरी भट्टी जिथे आहे तिथल्या तालुक्याच्या समितीकडेही जाता येतं.

पोट भरायला दुसरीकडे गेलेल्याला कुणी दाद देत नाही, हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत क्लॅरेन्स गिडियन नावाच्या गरीब माणसाला वकील न देताच शिक्षा झाली होती. त्याने तुरुंगातून पेन्सिलने अर्ज लिहिला, आणि 1963 साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की गंभीर गुन्ह्याच्या केसमध्ये गरिबाला सरकारने वकील द्यायलाच हवा. वकील मिळाल्यावर केस पुन्हा चालली आणि तो निर्दोष सुटला. पण त्याच श्रीमंत देशात बाहेरून आलेल्या मजुराला हाकलून द्यायची केस चालते, तेव्हा त्याला सरकार वकील देत नाही. ज्याला परवडेल त्याने करावा. आपल्या कायद्यात तू कुठला हा प्रश्न नाही. कागदावर आपला कायदा जास्त मोठ्या मनाचा आहे, तेव्हा तो वापरला पाहिजे.

पण वकील सगळीकडे हवा असं मात्र आमचं मत नाही. काही ठिकाणी तो नसलेलाच बरा. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा 1974 चा कायदा घ्या. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगरआदिवासीकडे गेलेली जमीन मूळ आदिवासीला परत मिळावी म्हणून तो झाला. त्यात कलम 9-अ घालून सांगितलं, की या कामात वकिलाने उभं राहायचं नाही. जमीन घेतलेल्या बड्या लोकांनी याविरुद्ध सुप्रीम कोर्ट गाठलं. 1984 साली लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने कायदाही कायम ठेवला आणि वकिलाची बंदीही. शेठ चार वकील आणणार, आदिवासी एकटा उभा राहणार, ही कसली बरोबरी? आमच्या मते या कायद्यातली ही सगळ्यात शहाणी गोष्ट. तरीही शेठ वाट काढतोच. निकाल आपल्या बाजूने लागला की तो हायकोर्टात जातो. तिथे वकील चालतो आणि आपल्याकडे नोटीस येते इंग्रजीत. ती नोटीस चुलीत घालू नका, पेटीतही ठेवू नका. हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा तो तेव्हा. आणि 6 जुलै 1974 नंतर तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाऊच शकत नाही. म्हणून आता फार्महाऊसवाले दलाल कुलमुखत्यारपत्र करून घेतात, नाहीतर दुसऱ्याच आदिवासीच्या नावाने व्यवहार करतात. असा कागद पुढे आला तर सहीच्या आधी समितीकडे सल्ला मागा. केस नसली तरी नुसता सल्लाही फुकट मिळतो.

वनहक्काच्या दाव्यालाही वकील लागत नाही आणि फी तर मुळीच लागत नाही. दाव्यामागे पाचशे घेणारे एजंट फिरताहेत, त्यांना वाडीत थारा देऊ नका. दावा मंजूर करायची सुरुवात ग्रामसभेपासून आहे. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर 60 दिवसांत प्रांताच्या समितीकडे, तिचा निर्णय मान्य नसेल तर 60 दिवसांत जिल्ह्याच्या समितीकडे. दावा फेटाळल्याचं तोंडी सांगतात आणि लेखी देत नाहीत, मग 60 दिवस कधी संपले ते कळतच नाही. लेखी मागा, तारखेसह मागा. इथे विधी सेवेच्या माणसाचा उपयोग होतो तो अपील नीट लिहून घेण्यापुरता.

लोकअदालतीबद्दल थोडं. भाऊबंदकी, किरकोळ मारामारी, नवरा-बायकोची पोटगी, यासाठी ती चांगली. तारखा वाचतात. पण तिथला निवाडा अखेरचा असतो, त्यावर अपील नाही. जमिनीच्या कामात "तडजोड करून टाका, अर्धी तुम्ही घ्या अर्धी त्यांना द्या" असं कुणी समजावलं, तर ज्याची संपूर्ण आहे त्याने अर्धी का घ्यायची ते आधी विचारा. आमचा सल्ला असा, की जमिनीची बाब लोकअदालतीत नेण्याआधी वाडीची बैठक घ्या. आंगठा एकदा उठला की उठला.

आणि कायदेविषयक शिबिरं. समितीची शिबिरं होतात, नाही म्हणत नाही. पंचायतीच्या हॉलमध्ये बॅनर, हार, भाषण, फोटो, चहा. भाषण असतं हुंड्यावर किंवा रस्त्यावरच्या अपघातावर, जिथे रस्ताच पोचलेला नाही अशा वाडीला. आमची मागणी वेगळी आहे. यादीवरच्या वकिलांची नावं मोठ्या अक्षरात एस.टी. स्टँडवर, रेशन दुकानावर, फारेस्टच्या नाक्यावर लावा. महिन्यातून एक दिवस टेबल टाकून बसा, सरळगावच्या बाजारात, टोकावड्याला, डोळखांबला, किन्हवलीला. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, घोंगड्या आणि बैल बघायला सगळा मुरबाड-शहापूर तिथे लोटतो. तिथे पाळण्याच्या शेजारी एक टेबल, एक वकील आणि आदिवासी बोली समजणारं एक माणूस बसवा. हॉलमधल्या दहा शिबिरांपेक्षा त्या एका दिवसात जास्त अर्ज येतील. यंदाच्या जत्रेसाठी तसं पत्र आम्ही देत आहोत, प्रत्येक वाडीने आपल्या ग्रामसभेचा ठराव त्याला जोडावा.

वकील लोकांकडे आला तर काय होतं, हे या डोंगराने पाहिलेलं आहे. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर हिराजी पाटलांबरोबर ब्रिटिशांच्या गोळ्यांनी हुतात्मा झालेले भाई कोटवाल वकील होते, हे आपल्या पोरांना सांगितलं जात नाही. आझाद दस्ता, विजेचे मनोरे पाडले, एवढंच शाळेत येतं. माथेरानच्या न्हाव्याच्या घरातला मुलगा कायदा शिकला आणि तो कायदा त्याने सावकाराच्या विरुद्ध, शेतकऱ्यांसाठी वापरला. धान्याची कोठारं काढली. गोदावरीबाई परुळेकरांनीही कायद्याची पदवी घेतलेली होती, आणि त्या 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिल्या. यादीवरच्या तरुण वकिलांपैकी कुणाच्या हातात हा अंक पडला तर त्यांनी हे वाचावं.

येत्या 2 जानेवारीला आपण नेहमीप्रमाणे सिद्धगडला जमणार आहोत. हुतात्म्यांना मानवंदना झाली की खाली उतरायची घाई करू नका, तिथेच झाडाखाली बसून कागद बघायचे आहेत. ज्यांच्यावर फारेस्टची केस चालू आहे त्यांनी समन्स, पी.ओ.आर.ची नक्कल, पुढच्या तारखेची चिठ्ठी आणा. ज्यांनी आधी दंड भरलाय त्यांनी पावत्या आणा, फाटक्या असल्या तरी. ज्यांचे दावे फेटाळले त्यांनी फेटाळल्याचा कागद आणा, कागद दिला नसेल तर कोणी, कधी, काय सांगितलं ते आठवून या. भट्टीवर गेलेल्यांचं काम घरी असलेल्या म्हाताऱ्यांनी करावं. कोण कुठल्या गावच्या भट्टीवर, किती जणं, पोरं किती, उचल किती, एवढं कुणाकडून तरी लिहून आणावं. लिहिणारं कुणी नसेल तर तोंडी सांगा, आम्ही लिहून घेऊ. प्रत्येक वाडीतून वाचता येणारी एक मुलगी आणि एक मुलगा यांची नावं द्या. मोफत वकिलाचा अर्ज कसा भरायचा ते त्यांना त्याच दिवशी दाखवणार आहोत. कोरे कागद आणि आंगठ्याची शाई आम्ही आणतो. भाकरी आपापली आणा.